पूरक म्हणजे किती

सर, आज मी आठवीच्या पोरांना पूरक कोनांची उदाहरणं शिकवली. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून आधीचं सांगायला हवं. इंजिनिअरिंग कॉलेज मी दुसऱ्या वर्षातच सोडलं, एका मुलीपायी. तिचा होकार मी धरूनच चाललो होतो, विचारलं कधीच नव्हतं. एक दिवस ती कुणाच्या तरी गाडीवर मागं बसलेली दिसली आणि मी भर पार्किंगमध्ये त्याची कॉलर पकडली. तो तिचा मावसभाऊ निघाला. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं जायला तोंड नव्हतं, म्हणून गेलो नाही, मग गेलोच नाही. अजून तिच्या गल्लीवरून सिटी बस गेली की मी वाकून बघतो, ते वेगळं. घरी ठरलं होतं, या महिन्यात काही जमलं नाही तर गावी पाचोडला येऊन काकांच्या खताच्या दुकानात बसायचं. काका तसे वाईट नाहीत, पण मला 'इंजिनिअर' अशी हाक मारतात.

त्यामुळं आजचा तास माझ्यासाठी लई महत्त्वाचा होता. सिडकोतला छोटा क्लास, माझी परीक्षा घ्यायला क्लासच्या मॅडम मागच्या बाकावर. मी फळ्यावर लिहिलं, दोन पूरक कोनांपैकी मोठा कोन लहानाच्या दुपटीपेक्षा तीस अंशांनी जास्त आहे, तर कोन काढा. सगळ्यांचं पन्नास आणि एकशे तीस आलं, एका मुलीचं वीस आणि सत्तर. चूक म्हणालो तर ती उभीच. विसाची दुप्पट चाळीस, त्यात तीस, झाले सत्तर, ताळा करून बघा म्हणाली. पोरं हसली. माझं डोकं सणकलं, 'बस खाली' अगदी ओठांवर आलं.

आणि तुम्ही दिसलात. मी नुसतं उत्तर लिहिलेली वही तुमच्या टेबलावर आपटतोय, बरोबर असून गुण का नाय म्हणून भांडतोय, आणि तुम्ही रुमालाला खडू पुसत म्हणताय, "क्ष म्हणजे काय धरलंस ते आधी सांग लेका, मग भांडू."

मी तिला तेच विचारलं. काय काय धरलंस?

"लहान कोन क्ष. आणि बेरीज नव्वद. पूरक आहेत ना?"

ती यंदाच इंदूरहून आलेली, घरात मराठी, शाळा हिंदी. तिकडं पूरक म्हणजे नव्वद, आणि एकशे ऐंशीचे ते संपूरक. आपल्याकडं पूरक म्हणजे एकशे ऐंशी, नव्वदवाल्यांना आपण कोटिकोन म्हणतो. खरं सांगतो सर, मलाही हे माहीत नव्हतं. मी दोन्ही समीकरणं शेजारी शेजारी मांडली आणि वर्गाला सांगितलं, हिचं गणित बरोबर आहे, फक्त शब्द दुसऱ्या गावचा आहे. तेव्हा कुठं ती बसली.

मॅडम म्हणाल्या, उद्यापासून या. जिना एकटाच हसत उतरलो. काकांना फोन केला. ते 'बोला इंजिनिअर' म्हणाले, आणि पहिल्यांदाच राग आला नाही.

पाचोडला तुमच्या घरी तुमच्या बाई अजून आहेत, हे पत्र त्यांच्या हाती देता आलं असतं. पण त्या वाचतील. निघताना मॅडमनी विचारलं होतं, 'काय धरलंस' विचारायची ही पद्धत कुणाची? मी म्हणालो, माझीच.