मातृभाषेचा रकाना

३ मार्च

पुन्हा बदललं! सकाळी ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्या घरच्या भाषेच्या पानावर 'स्वतंत्र भाषा' असं लिहिलं, आणि दुकान उघडून काउंटर पुसेपर्यंत तिथे 'राजभाषेची बोली'. बदलणारा तोच, 'कुंपण' नावाने वावरणारा. खरं नाव देव जाणे. तिसऱ्यांदा! डोकं इतकं फिरलं की एका आजोबांना दुसऱ्याचाच चष्मा दिला. ते घालून गेलेसुद्धा.

४ मार्च

आजोबा आले. "छान दिसतंय," म्हणाले.

६ मार्च

कुंपणने पान विलीन करायचा प्रस्ताव टाकलाय. म्हणजे आमचं पान जाणार, राजभाषेच्या पानात दोन ओळी उरणार. सतरा तारखेपर्यंत मतं. पुरावा काय, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या जनगणनेचा तक्ता. आमच्या अख्ख्या गावात ही भाषा बोलणारे – शून्य!

मग आई माझ्यावर कुठल्या भाषेत ओरडायची? चर्चापानावर हेच विचारलं. उत्तर आलं, "तुमची आई हा छापील संदर्भ नाही." खाली आणखी एक ओळ – "वेगळी भाषा हवी तर वेगळ्या देशात जा."

राग आला. पण भीतीही वाटली, ती का, ते कळेना. जन्म इथला, शाळा इथली. कुठे जाऊ?

९ मार्च

आईला म्हटलं, चार वाक्यं बोल, रेकॉर्ड करते. ती मटार सोलत होती. "नको ते उद्योग."

"अगं, पान जाईल आपलं!"

"जाऊ दे. कागदावर नसलेलं बरं असतं."

हे घरच्या भाषेत म्हणाली! आणि माझा फोन आतल्या खोलीत. कपाळ माझं.

१२ मार्च

आज चर्चापानावर माझ्या बाजूने कुणीतरी आलं – तेही सीमेपलीकडचं. म्हणे, भाषा स्वतंत्रच, पण ती 'आमची', आणि बोलणारेही 'आमचेच'. बाप रे! कुंपण म्हणतो त्याची, हा म्हणतो ह्याची. मी नक्की कुणाच्या बाजूने भांडतेय? डोक्याचा पार भुगा झालाय.

१५ मार्च

दुपारी आईला तो शून्याचा तक्ता दाखवला. तिने बराच वेळ बघितला. "हे आमचंच काम," म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. तेव्हा जनगणनेचं काम शाळेतल्या बाईंकडे असायचं. गावात त्या चौघी, त्यातली एक आई. घरोघर फिरल्या. लोक आपल्या भाषेत उत्तरं देत होते आणि ह्या मातृभाषेच्या रकान्यात राजभाषा लिहीत होत्या. चौघींनी ठरवून!

"का पण?"

"कुणकुण लागली होती, त्या रकान्यावरून माणसं हाकलणार म्हणून. शेजारच्या गावच्या मास्तरांनी खरं लिहिलं. वर्षाच्या आत तिथली माणसं ट्रकात घालून सीमेवर सोडली. पलीकडच्यांनीही घेतली नाहीत. आपल्या गावातून एकही घर गेलं नाही."

मग रडायला लागली. मीही. तिच्यावर चिडू की तिच्या पाया पडू, काहीच कळेना.

१७ मार्च

विलीन. अकरा विरुद्ध तीन. मी मतच दिलं नाही. पुरावा खोटा आहे हे सांगायचं तर आईचं नाव घ्यायला हवं होतं. आईला निकाल सांगितला. "अगदीच काढून टाकलं?" म्हणाली. जेवली नाही नीट.

२३ मार्च

नव्या जनगणनेच्या बाई आल्या. मातृभाषा विचारली. मी तोंड उघडायच्या आत आईने आमच्या भाषेचं नाव सांगितलं. ठणकावून! "तेच लिहा, दुसरं काही नको." आणि हसत आत गेली. कितीतरी दिवसांनी अशी हसली.

मी बाईंच्या मागोमाग जिना उतरले. खालच्या मजल्यावर गाठलं त्यांना. म्हटलं, आईचं वय झालंय, काहीबाही बोलते. राजभाषा लिहा.