दाराला बांधलेला निंब

कळसाडी, ता. शहादे
माघ महिना, सन १९६५

तीर्थरूप रूपचंदमामांच्या चरणी,

भाचा रतिलाल याचा कळसाडीहून दंडवत पोचावा. खांडबाऱ्यास आपण, मामी, दुकान आणि आपला उजवा गुडघा (हा क्रम मानाचा नाही, जसं सुचलं तसं लिहिलं) सुखरूप असाल अशी आशा करतो. आपण धाडलेले डिंकाचे लाडू पोचले. डबा उघडला आणि तुपाचा वास मायच्या नाकाशी गेला तेव्हा ती जे बोलली ते वडील माणसाला पत्रात कळवण्यासारखं नाही. लाडू मात्र वाया गेले नाहीत. आजारी माणसासाठी म्हणून या घरात जे जे येतं आणि तिच्या घशाखाली उतरत नाही ते ते मी खातो, त्यामुळे मुंबईच्या औषधाचा सगळ्यांत ठळक परिणाम माझ्या पोटावर दिसतो आहे. माय अकरा पौंड उतरली, मी नऊ चढलो. गावात बोलतात की रतिलालला आईचं दुखणं मानवलं.

आपल्याला माहीतच आहे की तिच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या आणि मुंबईच्या दवाखान्यात शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. (माहीतच आहे असं म्हणतो, कारण आपण तिला भेटायला दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला होतात आणि आतून फिनेलचा वास येताच खांडबाऱ्याचा बाजार आठवून तिथूनच परतलात. माय अजून सांगते, "बिचाराना बाजारना दिन व्हता." तो बाजाराचा दिवस नव्हता, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला ठाऊक आहे.) डॉक्टरांनी पाऊण तास समजावलं. औषध जहाल आहे, उलट्या होतील, तोंड येईल, केस जातील, अन्नाची चव जाईल. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती पाळ्या?" डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे उसाला पाण्याच्या पाळ्या देतात, तसं विचारते आहे. ते म्हणाले, सहा, दर तीन आठवड्यांनी एक. "मंग ऊस उभा ऱ्हास का?" डॉक्टर म्हणाले, बहुतेक राहतो. त्यावर माय म्हणाली, "आमनी सगळी शेतीच बहुतेकवर शे. टोचा."

मामा, मी लोकांना नावं ठेवण्यात हयात घालवली, हे आपण स्वतःच्या अनुभवावरून जाणता. कुणाला नावाजायचं म्हटलं की माझी लेखणी अडते. तरी लिहून ठेवतो, की ही बाई उलटीसुद्धा हिशेबात करते. इंजेक्शनच्या दिवशी तिसऱ्या तासाला पहिली, मग दर अर्ध्या तासाला एक, संध्याकाळी दिवेलागणीला बंद. मधल्या वेळात ती रमिलाला, म्हणजे माझ्या बायकोला, उद्या कोणत्या वावरात वेचणीला किती बाया लावायच्या ते सांगते. वाक्य अर्धवट राहिलं तर हात वर करून थांबायला लावते, पातेल्यात ओकते, चूळ भरते आणि राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करते. मी दोनदा ते पातेलं धरलं आणि दोन्ही वेळा मलाच घेरी आली. आता पातेलं रमिला धरते आणि मला दाराबाहेर बसवतात.

पण खरी अडचण उलटीची नव्हती. डॉक्टरांनी निघताना सांगितलं, हे औषध रोगाला मारतं आणि त्याच्यासोबत रक्तातल्या राखणदारांनाही मारतं. पंधरा-वीस दिवस कुणाचा साधा खोकलासुद्धा बाईंना झेपणार नाही. ताप आला की पुढची पाळी थांबली, आणि पाळी थांबली की गाठी पुन्हा वर येतील. त्यांनी कागदावर लिहूनच दिलं: भेटायला कुणी येऊ नये, घरात तळण-फोडणीचा वास नको, खाणं मऊ, थंड, बिनतिखट, पाणी उकळलेलं, डोक्याला फणी नको. मी तो कागद घेऊन गावात आलो आणि जेवढी समजूत घालता येईल तेवढी घातली. मामा, आजाऱ्याला भेटायला जाऊ नको, असं आपल्या लोकांना सांगणं म्हणजे लग्नाचं बोलावणं देऊन जेवू नको म्हणण्यासारखं आहे. पहिल्या पाळीनंतरच्या चार दिवसांत एकोणचाळीस माणसं आली. सगळे खाटेला खेटून बसले आणि आपापल्या नात्यात याच दुखण्यानं कोण कसं गेलं याची तपशीलवार माहिती देऊन गेले. उखाभाऊ (हा आमचा शेजारचा, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावा असा त्याचा खोकला) रोज सकाळी येऊन मायच्या उशाशी तासभर खोकायचा आणि म्हणायचा, "काकू, काळजी करानी नई." मी कागद दाखवला तर म्हणाला, "हाऊ कागद परक्यासना करता शे. मी काय परका शे का?" चौथ्या दिवशी मायला कणकण आली. आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. (मीसुद्धा. हे मुद्दाम लिहितो.)

ताप नशिबानं चढला नाही. दुसऱ्या दिवशी मायनं मला खाटेजवळ बोलावलं आणि म्हणाली, "रतिलाल, तो कागद ठेव खिसामा. निंबना डगळा तोडी लय नि दारले बांधी दे."

मी खुळ्यासारखा विळा शोधायला उठलो. मग डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे घरात कुणाला देवी आल्या की दाराला निंबाची फांदी बांधतात, आणि ती फांदी दिसली की बाहेरचं माणूस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. घरात फोडणी पडत नाही, तळण होत नाही, आजाऱ्याला दहीभात आणि गार खाणं, डोक्याला फणी लावायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी इंग्रजी शिकून जे लिहिलं ते शितळामातेनं आपल्या गावात कधीच लागू करून ठेवलेलं आहे, आणि तिचं लोक ऐकतात. मी म्हटलं, माय, हे खोटं होईल. तर म्हणते, "मी कोनले सांगं का, देवी उनी म्हनीसन? निंब छायाना झाड शे, सावली करता बांधा." मी फांदी बांधली. मामा, दुपारपर्यंत गल्ली अशी शांत झाली की मला माझ्याच घराची भीती वाटली. उखाभाऊ कोपऱ्यावरून हात जोडून परत गेला. घरासमोरून जाणारे चपला हातात घेऊन चालू लागले. पलीकडच्या मीनाबाईनं फोडणीसाठी आपली चूल परसात नेली. रोज उंबऱ्याबाहेर कुणीतरी गार दहीभाताचा वाडगा ठेवून जायचं, आणि चमत्कार म्हणजे तेवढंच मायच्या पोटात टिकायचं. बाकी सगळं तिला तांब्याचा पैसा चघळल्यासारखं लागतं. या बळावर दुसरी पाळी वेळेवर झाली, आणि परतल्यावर फांदी नवी बांधली.

आता आमच्या शहाणपणाला पाय फुटले ते असे. गावात देवी आल्या तर पोलीस पाटलानं वर्दी द्यावी असा कायदा आहे, आणि आमचा पाटील सगळे कायदे विसरून नेमका हाच पाळतो. मागच्या सोमवारी देवी डॉक्टर, म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, सायकलीवर पेटी बांधून आमच्या ओट्यासमोर हजर. (हा बापडा तीन वर्षं कळसाडीला येतो आहे. आला की गाव शिवारात पळतं, आणि तो मारुतीला नमस्कार करून परत जातो.) म्हणाला, पेशंट दाखवा, पुरळ बघायची आहे, आणि घरातल्या सगळ्यांना टोचायचं आहे. मला वाटलं, आता पंचनामा, बेअब्रू, आणि गाव पुन्हा खाटेशी. मी काहीतरी लटपट बोलू लागलो तोच मायनं आतून खिडकी उघडली. "तठूनच बोला, आत येवानं नई." आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. मामा, तिचं डोकं आपण पाहिलेलं नाही. एक केस नाही. तो माणूस पटकन खाली बघू लागला. माय म्हणाली, "पुरळ नई, केस बी नई. जे शे ते हाऊ कागद वाची ल्या." त्यानं मुंबईचा कागद दोनदा वाचला, टोपी काढली, आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला आणि या घराला मी आत्ता सुई लावणार नाही. पण वर मी काय लिहू?" माय म्हणाली, "देवी नई, असं खरंच लिखा. पन ते धुयाले लिखा, आठे नई. नि आते उना शेत ते गाव टोची ल्या. निंब देखीसन घाबरेल शेतस, आज कोनी पळाव नई."

(म्हणजे खरं काय ते जिल्ह्याला धुळ्याला कळवा, गावात बोलू नका.) आणि कुणी पळालं नाही. दोनशे चौदा माणसं रांगेत उभी राहिली. तीन वर्षांत तीन नव्हती. मायनं खिडकीतल्या खाटेवर पडून सगळी हजेरी घेतली, कोण आलं नाही ते तिला चेहऱ्यांवरून कळत होतं. उखाभाऊ दिसेना तेव्हा तिनं मला हाक मारून सांगितलं, "कपाशीना ढीगमा देख." तो खरंच कापसाच्या ढिगात होता. खोकल्यानं सापडला. देवी डॉक्टर जाताना खिडकीसमोर हात जोडून उभा राहिला, जसं देवळासमोर राहतात तसा.

मी समजत होतो की आम्ही गावाला फसवलं. परवा मीनाबाई दहीभाताचा वाडगा ठेवताना दिसली म्हणून मी ओट्यावरून म्हटलं, काकू, आता देवी उतरत आल्या. ती माझ्याकडे असं बघत राहिली जसं मास्तर ढ पोराकडे बघतो. म्हणाली, "रतिलाल, केसवाली तुन्ही मायना केस लई गई, सुया दिधात, ती तठून मन्हा दारवर उनी. चाळीस वरीस मी तिन्ही येणी घाली शे, मले तिन्हा केस वळखू येतस नई का?" (केसवाली म्हणजे गळालेले केस घेऊन सुया देणारी फेरीवाली.) म्हणजे या देवी नाहीत, मुंबईचं औषध आहे, हे मीनाबाईला केस गळाले तेव्हापासून ठाऊक होतं. आणि ती म्हणते, कुणाला सांगितलं नाही, म्हणजे तिनं सगळ्यांना सांगितलं. (आपण मीनाबाईला ओळखता.) तरीही चूल परसात, चपला हातात, दहीभात उंबऱ्याबाहेर. मामा, या गावाविषयी मी आजवर जे जे बोललो त्यातलं अर्धं परत घेतो. उरलेलं अर्धं उखाभाऊकरता राखून ठेवतो.

इकडचं वर्तमान असं. पत्र लांबलं, क्षमा असावी. मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

आपला आज्ञाधारक,
रतिलाल

ता. क. येत्या गुरुवारी तिसऱ्या पाळीसाठी निघतो आहोत. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासलं, मायचं रक्त फार उतरलं आहे. मुंबईहून कळवलंय की आधी दोन बाटल्या रक्त द्यावं लागेल, नाहीतर पाळी नाही. माझं जुळलं नाही. (आयुष्यभर तिचं माझं जमलं, रक्त तेवढं नाही.) ते विचारतात, पाठचा भाऊ आहे का? मी सांगितलं, आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत उधळलेला घोडा एकट्यानं धरलेला आहे. हे आपणच चाळीस वर्षं सांगत आला आहात, त्यामुळे आता नाही म्हणता येणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र मायला न सांगता लिहिलं आहे. ती आधीच म्हणाली होती, "रूपचंदले कळावू नको, तो सुई देखीसन पळस." तिच्या उजव्या मनगटावर दातांची खूण आहे. शीर शोधताना मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, हे काय? म्हणाली, "मन्हा भाऊनी सही शे." मग सगळी हकिगत सांगितली. आपण सात वर्षांचे, ती दहाची, गावात देवी डॉक्टर आला आणि आपण कापसाच्या ढिगात. तिनं पाय धरून ओढलं, टोचेपर्यंत हात धरून बसली, आणि आपण तिला कडाडून चावलात. (उखाभाऊची जागा तिला कशी कळली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.)

ता. क. तिसरा. मायला पत्र सापडलं. नातीकडून सगळं वाचून घेतलं, लाडवांचा मजकूर दोनदा. माझ्यावर रागावली. आता सांगते ते तसंच लिहितो: "त्याले लिख, मी हात धरसू, तू डोया मिटी ले. नि चावाना व्हई ते डावा हात चावजो, उजवा डॉक्टरले लागस."

ता. क. शेवटचा. खांडबाऱ्याला सुरतेवरून मुंबईला जायची आमची गाडी पाचच मिनिटं थांबते, म्हणून डबा शोधण्यात वेळ घालवू नका. मायला गर्दीत बसवता येत नाही, तेव्हा खिडकीला निंबाची फांदी बांधलेली असेल. सगळा फलाट ज्या डब्यापासून लांब पळेल, त्यात आपण चढायचं.