काळी साय

३ नोव्हेंबर १९७६
पोहोचले एकदाची! पर्म शहराहून येताना हुडहुडी भरली होती, पण खोली उबदार आहे आणि प्रयोगशाळा तर झकासच. अणुभट्टीतलं इंधन ज्या नळ्यांत भरतात, त्यांच्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूवर काम आहे. आरशासारखा घासलेला तुकडा तापल्या वाफेत ठेवला की त्यावर काळी, तुकतुकीत साय धरते. ती आतल्या धातूला जपते. पांढरी पडली, तर मात्र पोपडे सुटतात आणि तुकडा वाया जातो. माझे वरिष्ठ ग्लेब अर्कादिच फार गमतीदार आहेत. "रिम्मा पोरी, इथे धातूला सर्दी होते आणि आपण त्याचे डॉक्टर," म्हणाले. रास्पबेरीचा मुरंबा घालून चहा पाजला. चहा पितानाही हातमोजे घातलेलेच.

९ नोव्हेंबर
नव्या मिश्रधातूचे तुकडे वाफेतून काढून कपाटात ठेवलेत, तरी त्यांच्यावरची साय वाढतेच आहे. थंड हवेत हे होऊच शकत नाही. ग्लेब अर्कादिचना सांगितलं, तर हसले नाहीत. उघड्या हाताने त्यांना शिवलीस का, एवढंच विचारलं. एकदाच, म्हटलं. चिमटा सापडत नव्हता.

१४ नोव्हेंबर
अंगठ्याच्या टोकाला काळं लागलंय. साबण, स्पिरिट, पॉलिश कागद, कशानेच जात नाही. दुखतही नाही. उकळत्या किटलीला टेकवून पाहिला. चटका बसला नाही.

१५ नोव्हेंबर
ग्लेब अर्कादिचनी दार लावून हातमोजे काढले. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. त्यांत मला माझा चेहरा दिसला. सांगायची भीती वाटली, म्हणाले. आपल्यालाच कापून तपासतील. मग हळूच, "रडू नकोस गं. आतून जपते ती आपल्याला."

२० नोव्हेंबर
ते कामावर आले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. खुर्चीत बसलेले. हात खडूसारखे पांढरे. "शिवू नकोस!" ओरडले, आणि त्यासरशी गालाचा पोपडा सुटून मांडीवर पडला. रक्त नाही. आत पोकळ. डोळे मात्र माझ्याकडे— मी पळाले.

२१ नोव्हेंबर
खांद्यापर्यंत चढलंय. दवाखान्यात निघाले. तिथल्या दाराची मूठ धरून सोडली, तर मुठीवर माझी बोटं काळी उमटलेली, आणि ती पसरत— मागून एक बाई, कडेवर बाळ. हात लावू नका, ओरडले मी. वेडी समजून तिने मूठ धरलीच. का ते न सांगताच मी तिथून पळाले—

२२ नोव्हेंबर
दार वाजतंय. तीच बाई. पत्ता कुणी दिला— "तुम्हाला माहीत होतं! बाळाच्या गालावर हे काय आलंय, सांगा!"
सांगायलाच हवं. तोंड उघडलं, तर ओठाचा पांढरा पोपडा वहीवर—