डाव्या हाताची जावा

१४ सप्टेंबर १९७९

डाव्या हातानं ही एक ओळ लिहायला पाच मिनिटं. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. असू दे. वाचणार कोण?

१५ सप्टेंबर

टाके काढले. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी शिल्लक. मधली तिन्ही बोटं कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. डॉक्टरनं टाचणी टोचली — लागतं? नाही. इथं? नाही. 'येईल हळूहळू.' नाही आलं तरी माझी तक्रार नाही. हाताचं काय घेऊन बसलात, मला कुठंच काही लागत नाहीये. नीलिमा रिक्षात रडत होती. बायको रडतीये आणि मी पुढच्या ट्रकचा नंबर वाचत बसलो.

१८ सप्टेंबर

दत्तोबा आला. चाकणहून एस.टी.नं. आमच्या कंपनीतला मेंटेनन्स फिटर — माझी प्रेस त्याच्याकडं असते. त्या दिवशी सकाळी कार्डावर 'प्रेस ओके' म्हणून सही त्याचीच. आता चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलाय.

दारातच उभा. आत येईना. 'नंदूभाऊ, प्रेसचा क्लच मी सोताच्या हातानं तपासला व्हता. कसा काय डबल मारला तिनं? मला झोप न्हाई.'

म्हटलं, बस. चहा घे.

१९ सप्टेंबर

लिहून टाकतो. इथं तरी.

प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही — म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. पण असं करत बसलं तर शिफ्टचा आकडा कधी पुरा व्हायचा? म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबलेलंच ठेवायचं, आणि एका हातानं काम हाणायचं. आमच्या शॉपमध्ये सगळेच मारतात. मीही मारली होती. पत्रा अडकला, काढायला उजवा हात आत गेला, आणि डाव्यानं सवयीनं बटण दाबलं. बस्स. एवढंच झालं. प्रेसचा काडीचा दोष नाही.

शेजारच्या मशीनवरचा ज्योतीराम धावत आला. आधी पाचर उपटून खिशात घातली, मग मेन स्विच बंद केला, मग माझ्याकडं बघितलं. शॉपचा नियमच आहे — पहिली पाचर, मग माणूस. पाचर सापडली तर माणसाची नोकरी जाते. त्याचं काही चुकलं नाही.

हॉस्पिटलात साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, 'डबल स्ट्रोक आला.' एकदाच दाबलं, प्रेस दोनदा आली! देवाशपथ, तेव्हा दत्तोबा डोक्यातसुद्धा नव्हता. पण प्रेस दोनदा आली म्हटल्यावर दोष फिटरचा, हे शेंबडं पोरही सांगेल.

२३ सप्टेंबर

दत्तोबा परत आला. परसात ताडपत्रीखाली माझी जावा मोटारसायकल आहे, त्रेसष्टचं मॉडेल. चार वर्षं बंद. इंजिन जाम, टाकीला गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार. मी भंगारात काढणार होतो. त्यानं ताडपत्री उचलली आणि उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत राहिला.

'डाव्या हाताची करू.'

म्हटलं, वेडा आहेस का? म्हणतो, 'जावाचा गेर पायानं दाबला की क्लच आपसूक सुटतोय. मंग क्लचचा दांडा पायजे कशाला? त्या जागी फुडचा बिरेक घेऊ. रेसची मूठ बी डावीकडं. उजव्यानं निस्तं हँडल धरायचं. गाडीवर बसला की मानूस मानसात येतो, नंदूभाऊ.'

नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणालो.

दसरा

कंपनीत काल मशीनींना हार घातले असतील. माझ्या प्रेसलाही. नीलिमा झेंडूचा हार घेऊन परसात आली, गाडीला घालू का विचारायला. म्हटलं, सांगाड्याला कसला हार? तिनं घातलाच.

९ ऑक्टोबर

सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल मुरत ठेवून आठ दिवस झाले. दत्तोबा रोज सकाळी येतो, लाकडी ठोकळा ठेवून हलकी हातोडी मारतो. आज पिस्टन हलला! 'हलला रं, हलला!' म्हणून म्हातारा परसात नाचला. पन्नाशीचा माणूस! मलाही काहीतरी वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१० ऑक्टोबर

नीलिमा म्हणाली, 'देवमाणूस आहे हो. आपल्याच चुकीनं झालं म्हणून झिजतोय बिचारा.' मी ताट पुढं सरकवलं. भूक नाही म्हटलं.

१६ ऑक्टोबर

काही नाही. टाकीत खडी आणि रॉकेल घालून दिवसभर हलवली. गंज निघाला.

२ नोव्हेंबर

एक गोष्ट लक्षात आली. दत्तोबा प्रत्येक नट आवळतो, मग परत पाना लावून बघतो. मग बिडी पेटवतो, विझवतो, आणि तिसऱ्यांदा बघतो. पूर्वी असा नव्हता. शॉपमध्ये लोक म्हणायचे, दत्तोबाचा हात लागला की मशीनीला बघायला नको. आज मला म्हणाला, 'तुमी बी एकदा वढून बघा.' मी डाव्या हातानं ओढून बघितलं. घट्ट होता. तरी त्याचं तोंड उतरलेलंच.

५ नोव्हेंबर

फजिती! पहिल्यांदा इंजिन चालू झालं, मी मारे ऐटीत बसलो. पण उजवीकडची मूठ डावीकडं बसवली की उलटी फिरते, हे दोघांच्याही लक्षात नाही. बंद करायला फिरवली — गाडी उधळली! सरळ शेजारच्या सोपानरावांच्या वालाच्या मांडवात. सोपानराव ओट्यावरून म्हणाले, 'अहो नंदकिशोर, मागितल्या असत्या तर दिल्या असत्या शेंगा!' नीलिमा कितीतरी दिवसांनी हसली.

दत्तोबा हसला नाही. पांढराफटक पडला होता. माझे दोन्ही हात धरून उलटसुलट बघत होता. 'पुन्हा माज्याच हातनं... पुन्हा माज्याच हातनं...' मी म्हणालो, अरे काही झालं नाही. त्याला ऐकूच येईना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग मी वेलाची पानं झटकत बसलो. भेकड आहे मी. दुसरा शब्द नाही.

९ नोव्हेंबर

तीन दिवस आला नव्हता. आज आला. मुठीच्या आतला तुकडा घरी कानशीनं घासून नवा केलाय. आता बरोबर फिरते.

१४ नोव्हेंबर

कंपनीचं पत्र. चौकशी २१ तारखेला, साडेदहाला. मी फक्त आधीचा जबाब खरा आहे एवढं म्हणायचं. ज्योतीराम सांगून गेला, 'भाऊ, तुमच्यासाठी टाइम ऑफिसात टेबलावरचं काम ठेवलंय. गप ऱ्हावा, सगळं मिटतंय.' सगळं म्हणजे काय? दत्तोबा मिटतोय.

पाचरीचं सांगितलं तर टेबल गेलं. कंपनीच गेली. पाच बोटांवर कुठली दुसरी कंपनी घेणार? सात म्हणायला हवं. पण उजव्या हाताची दोन धरायची का?

नीलिमाला अजून माहीत नाही.

२० नोव्हेंबर

गाडी झाली. मरून रंग, क्रोमवर तोंड दिसतंय. रावेतच्या रस्त्याला गेलो, दत्तोबा मागं बसला. मूठ छान. ब्रेक छान. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. चाळीसचा काटा गाठला. लोकांना यात सुख कशाचं वाटतं ते मला आठवत होतं, पण वाटत नव्हतं.

नदीच्या अलीकडं थांबलो. दत्तोबा उतरला, ब्रेकची तार परत तपासली. मग खाली बसूनच म्हणाला, 'उद्या मी मान्य करनार. सेटिंग माजं चुकलं आसंल. आठवत न्हाई, पर चुकलंच आसंल, त्याबिगर आसं हुतंय व्हय?' तारेवरून बोट फिरवत पुढं म्हणाला, 'नोकरीचं काय न्हाई हो. शेत हाय. पर नंदूभाऊ, तीस वर्सं मी हाताच्या भरवशावर जगलो. आता मला घरातल्या कंदिलाची वात वर करायची बी भ्या वाटतीया.'

मी काय केलं? किक मारली आणि म्हटलं, चल, उशीर होतोय.

माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता परत येताना. एवढ्या विश्वासानं! वही समोर घेऊन कधीचा बसलोय. नीलिमा पलीकडं शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासतीये. तिला हाक मारतो. आधी तिला सांगतो.

२१ नोव्हेंबर

सांगितलं. साहेबांसमोर, दत्तोबासमोर. पाचर मी मारली, प्रेस एकदाच आली.

मग दत्तोबा साहेबांना म्हणाला, 'म्हंजी माजी प्रेस बराबर व्हती.' परत म्हणाला, जोरात — 'माजी प्रेस बराबर व्हती!' हसत होता, आणि डोळ्यांना धार. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. चालत गेटबाहेर गेला.

नोकरी गेली. पायरीवर बसून मी ढसाढसा रडलो.