मामाजींची बरगडी

१० फेब्रुवारी, मंगळवार

तुमसरहून परत. दोन दिवसांचं प्रथमोपचार प्रशिक्षण संपलं. मच्छीमार संस्थेतून एकाने जायचं होतं. संस्थेत बी.ए. झालेला मी एकटाच, शिवाय सचिव. म्हणून गेलो.

भाजलं तर साधं गार पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चालवायचं नाही; सरळ दवाखाना. बुडालेल्याला उलटं लटकवायचं नाही. श्वास चालतो का, दहा सेकंद बघायचं. नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. तीस दाब, दोन श्वास. थांबायचं नाही.

सरावाचा पुतळा बिनहातापायांचा. मी दाबता दाबता त्याला ‘दुखलं का’ विचारलं. सगळे हसले. सर म्हणाले, हा माणूस चांगला आहे पण उशीर करेल. हे मनाला लागलं. खरं असावं म्हणून लागलं.

१३ फेब्रु., शुक्रवार

प्रथमोपचाराची पेटी संस्थेच्या खोलीत लावली. पहिला रोगी: अध्यक्ष तुळशीरामभाऊ. सिंगी माशाचा काटा अंगठ्यात गेला.

नियमाप्रमाणे आधी परवानगी मागितली. ‘मी मदत करू का?’

‘इचारून काय राहिले जी, मी का पोरगी पाह्याले आलो का?’

माशाच्या काट्याला सोसेल तितक्या गरम पाण्यात बोट बुडवायचं, असं मी लिहून आणलं होतं. ‘सोसेल’ म्हणजे किती, ते लिहून आणलं नव्हतं. आधी माझं कोपर घालून पाहिलं. मग थोडं गार टाकलं, मग थोडं गरम. तेवढ्यात मामाजींनी (बायको सुनंदाचे वडील, याच गावचे, याच संस्थेचे सभासद) काटा ओढून काढला आणि आपल्या तोंडातला खर्रा काढून वर दाबून बसवला. तंबाखू-सुपारीचा तो लगदा मी काढायला लावला. अंगठा धुतला, गरम पाण्यात घातला. मामाजी बाजूला सरकून उभे राहिले. जुन्या वळणाचा माणूस, लग्नाला अठरा वर्षं झाली तरी जवायासमोर बाजेवर बसत नाहीत. पण खर्रा वाया गेल्याचं वाईट वाटलेलं दिसलं.

१७ फेब्रु., मंगळवार

संध्याकाळ. 

सकाळी तलावात महाजाळ ओढणं चाललं होतं. मामाजी एकटे डोंग्यावर, जाळ्याची अडकलेली कड सोडवायला गेले. डोंगा कलला, ते पडले. आम्ही हसलो. मासे मारणारा धिवर पाण्यात पडला, याला आमच्यात कोणी पडणं म्हणत नाही. मग ते वर आले नाहीत. आमचं हसू किती वेळ चाललं ते आठवत नाही. आठवायला हवं.

तिघांनी काढलं. पाय जाळ्यात गुंतलेला. काठावर निजवलं. ओठ निळे. तोंड एकदा उघडलं, मिटलं, काठावर टाकलेल्या कतला माशाचं उघडतं तसं.

गावातले सगळ्यात म्हातारे गोमाजी आजा ओरडत होते, चाकावर घाला, कुंभाराच्या चाकावर घाला. पोटावर निजवून चाक फिरवायचं म्हणजे पाणी निघतं, असं आमच्याकडे बापजाद्यापासून. दोघं पळालेही. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितलं, तोंडातून बोटाने खर्रा काढला आणि माझं तोंड...

तंबाखूचा चटका अजून जिभेवर आहे.

मग दाबलं. मोजणी तोंडात आली ती मासळी मोजायची, जिच्यात एकाला ‘लाभ’ म्हणतात: लाभ, दोन, तीन. मागून कोणी म्हणालं, ‘लाभ काहून म्हनून राहिला, तौलते का सासऱ्याले?’ विसाव्याच्या आसपास हाताखाली ‘कट्’ झालं. थांबलो नाही. तिसऱ्या फेरीत ते खोकले. पाणी, उरलेला खर्रा, सगळं माझ्या शर्टावर. कुशीवर वळवलं, दुपट्टा पांघरला.

पहिले शब्द: ‘जाळं फाटलं का?’

चाकाकडे गेलेले हात हलवत परत आले. कुंभाराने चाकाला मोटर बसवली आहे आणि लाइट गेली होती.

एक गोष्ट आता डोक्यातून जात नाही. श्वास बघायला दहा सेकंद थांबलो का? एक, दोन, तीन, चार... चारपर्यंत आठवतं.

१८ फेब्रु., बुधवार

तुमसर, दवाखाना. मामाजी ठीक. फुप्फुसात पाणी गेलंय का ते पाहायला दोन दिवस ठेवणार. डाव्या बाजूची एक बरगडी मोडली आहे, आपोआप जुळेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोडली म्हणजे जोर पुरेसा होता. मी विचारलं, आणि श्वास चालू असताना दाबलं असेल तर? त्या म्हणाल्या, ‘ते तुम्हाला माहीत. तिथे तुम्ही होता.’

सु. काल रडली, आज डबा घेऊन आली. डबा उघडताना एवढंच म्हणाली, ‘लगनात माह्या बापानं तुमाले घड्याळ देल्लं, सायकल देल्ली. फासळी नोती देल्ली.’

२० फेब्रु., शुक्रवार

मामाजी घरी. बाजेभोवती दिवसभर माणसं. गावात दोन पक्ष पडले: जवायानं वाचवला आणि जवायानं मोडला. तुळशीरामभाऊंचा तिसरा, जवायानं सासऱ्याचा मुका घेतला. चहाच्या टपरीवर हाच चालतो.

मामाजी मात्र कोणत्याच पक्षात नाहीत. येईल त्याला सांगतात, मी बुडलोच नाही. पाय जाळ्यातून सोडवत होतो, दम धरून. साठ वर्षं या तलावात काढली. ‘धिवर बुडला असं जो म्हनन, त्यानं माह्या घरचा चहा पिऊ नये.’ चहा सगळ्यांनी घेतला.

गोमाजी आजा म्हणाले, चाकावर फिरवला असता तर फासळी साबूत राहिली असती. तेवढ्यात सु. आतून चहा घेऊन आली.

‘आजा, लाइट गेली म्हून माहा बाप हाये. घ्या, चहा घ्या.’

ती माझ्या बाजूने बोलली की नुसती आजांच्या विरुद्ध, हे विचारलं नाही.

२२ फेब्रु., रविवार

तुळशीरामभाऊंनी ठरवलं: गुरुवारी संस्थेतर्फे माझा सत्कार. शाल, नारळ. ठरावाच्या वहीत नोंद घ्या म्हणाले. वही लिहितो मीच. म्हणजे माझ्या शौर्याची ओळ मलाच लिहायची.

‘बुडालेल्या सभासदाचे प्राण सचिवांनी वाचवले.’ ‘बुडालेल्या’ला मामाजींची हरकत. ‘वाचवले’ला माझी.

‘पाण्यात असलेल्या सभासदास सचिवांनी मदत केली.’ ही तर पोहायला शिकवल्याची नोंद झाली.

‘सभासदाच्या छातीवर सचिवांनी दाब दिला.’ खरं आहे. पण वाचणारा म्हणेल, निवडणुकीचं भांडण दिसतं.

तीन पानं खोडली. शेवटी पान कोरं ठेवलं.

दुपारी प्रशिक्षणवाल्या सरांना फोन केला. म्हणाले, माशासारखं तोंड उघडणं-मिटणं याला श्वास धरायचं नाही. अन् शंका असेल तर सुरू करायचं. बरगडी जुळते, मेलेला जुळत नाही. मोठा धीर आला. तास-दोन तास टिकला. मग वाटलं, ते कतल्यासारखं तोंड मी खरंच पाहिलं का? की जन्मभर कतले पाहिले म्हणून आता तसं आठवतं?

गुरुवारी उभं राहून ‘मला खात्री नाही’ म्हणालो, तर आजांचं चाक जिंकलं. पुढच्या बुडालेल्याला लोक कुंभाराकडेच नेतील, आणि त्या दिवशी लाइट असेल. तसं म्हणालो नाही, तर शाल खोटी. माझ्या खरेपणापायी कोणी चाकावर मरावं का? पण माझ्या खोटेपणापायी कोणी वाचणार आहे, हे तरी मी कशावरून ठरवलं?

सु. म्हणाली, जेवा.

२४ फेब्रु., मंगळवार

दुपारी मामाजींकडे. घरात दुसरं कोणी नव्हतं. मला पाहून बाजेवरून उठायला लागले, कळ आली, परत बसले. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसून राहिले. दोघांनाही अवघड झालं.

मी सरळ विचारलं. चारपर्यंतच मोजल्याचंही सांगितलं. म्हटलं, तुम्ही खरंच दम धरून असाल तर मी उगाच...

मामाजींनी बरगडीवर हात ठेवला. मग म्हणाले, ‘खाली अंधार होता. मंग तुमचं तोंड दिसलं. मधलं माह्यापाशी नाई. तुमच्यापाशी हाये का?’

‘नाही.’

‘मंग जे दोघाइपाशी नाई, ते गावाले काहून देता, जवाईबापू?’

मी म्हटलं, पण तुम्ही तर सगळ्यांना सांगता दम धरला होता म्हणून. म्हणाले, ते सांगावंच लागते. तीन नातवंडं आहेत, दोघं जाळ्यावर जातात. आपला आजा बुडला म्हटलं तर उद्या पाण्याला भितील.

(मला उलट वाटतं. थोडं भ्यावं. पण तेव्हा बोललो नाही. का नाही बोललो?)

शाल नको, असं मी म्हटलं. त्याऐवजी गुरुवारी लोकांना दाखवतो, श्वास कसा बघायचा, हात कुठे ठेवायचे. पुतळा नाही, कोणी निजायला हवं. मामाजी म्हणाले, मी निजतो. मी घाबरून सांगितलं, दाबणार नाही, नुसते हात ठेवेन.

‘दाबूबी नका. अन् एक. बुडलेला म्हून नाई निजनार. झोपलेला म्हून.’

२६ फेब्रु., गुरुवार

संस्थेच्या ओट्यावर पन्नासेक माणसं. बायकाही आल्या, सु. पुढेच. तुळशीरामभाऊंनी शाल आणलीच होती. ती मामाजींच्या डोक्याखाली घडी करून दिली. निदान कामी आली.

मामाजी निजले, डोळे मिटले. मी समजावलं: आधी हाक मारा, खांदा हलवा. मग डोकं थोडं मागे, हनुवटी वर, तोंडात काही असेल तर काढा (मामाजींनी खर्रा आधीच थुंकला होता, लोकांनी नोंद घेतली). आता कान तोंडाजवळ, नजर छातीवर, दहा मोजायचे. मोठ्याने मोजा म्हटलं. सगळ्यांनी मोजायला सुरुवात केली, ‘लाभ’पासून. गोमाजी आजाही मोजत होते.

मी कान लावला. या खेपेला सगळे दहा मोजायचे, एकही सोडायचा नाही, असं ठरवूनच आलो होतो. पाच झाले. छाती हलली नाही. सात. गालाला वारा लागला नाही. आठ, नऊ. मला माहीत होतं हा माणूस आत्ता माझ्याशी बोलला. पुरतं माहीत होतं. दहा झाले आणि माझे हात त्यांच्या छातीवर गेले. कोपरं ताठ झाली. हात मी पाठवले नव्हते.

मामाजींनी एक डोळा उघडला.

‘हळू. दम धरून हावो.’

ओटा हसून लोळला. तुळशीरामभाऊंच्या डोळ्यांत पाणी. आजा म्हणाले, पाहा, म्हंजे त्या दिवशीबी धरलाच असन. कोणी म्हणालं, मग चाकावर तरी कायले नेत होते, आजा? भांडण लागलं. अजून चालू असावं, इथवर आवाज येतो.

मी हात लगेच काढले नाहीत. सगळे आपसात बोलत होते तोवर ठेवले. डावी बाजू किंचित कमी वर येते. खाली ठोका होता. दहाच्या पुढेही मोजत राहिलो, कितीपर्यंत ते आठवत नाही.