शेवटच्या रांगेपर्यंत आवाज

४ ऑक्टोबर, शनिवार
वाचनालयाच्या नव्या सभागृहाची साउंड सिस्टिम मी अंगावर घेतली. मीटिंगमध्ये कोणी हात वर करेना, म्हणून मी केला. पुढच्या रविवारी उद्घाटन. हिच्या गायनमंडळातल्या आठ बायका गाणार, आणि शेवटचं गाणं ही एकटी. गळ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले. त्यानंतर ही पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार आहे.
मिक्सर छोटा आहे, चार माइकचा. मिक्सर आणला म्हटल्यावर शेजारीणबाईंनी विचारलं, जुन्याचं भांडं फुटलं का.
छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात दाब सांभाळला. आवाज म्हणजे तरी काय, दाबच. माहितीपुस्तक उघडलं नाही.
संकल्प: सोमवारपर्यंत विषय संपवायचा.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११
जोडणी पूर्ण. स्पीकरची वायर मिक्सरच्या मागच्या भोकांत जाईना. पुढे हेडफोनचं भोक आहे, त्यात मात्र चपखल बसली. दुहेरी पिन आणून त्यातच माझे हेडफोनही लावले. एका नळाला दोन तोट्या.
माइकमध्ये वन टू थ्री म्हटलं. हेडफोनमध्ये असा दणदणीत आवाज आला की मला स्वतःबद्दल आदर वाटला. स्पीकरमधून मात्र पलीकडच्या खोलीत कोणी कुजबुजावं तसा. ग्रंथपालबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, सुरू केलंय का.
किरकोळ बाब आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार
वायर बदलली. तोच प्रकार. माइक बदलला. तोच प्रकार. सगळी बटणं पूर्ण उजवीकडे फिरवली. आता कुजबुज जरा स्पष्ट येते.
जेवताना तीनदा उठलो. हिने शेवटी ताट झाकून ठेवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दोष विजेचा. सभागृहात व्होल्टेज कमी असणार, हे आधीच सुचायला हवं होतं. वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून व्होल्टेज व्यवस्थित असल्याचं सांगितलं. जाता जाता विचारलं, घरी वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, काय करू. मी सांगितलं. संध्याकाळी त्याचा फोन, पाणी धो धो येतंय.
म्हणजे डोकं शाबूत आहे. मशीनच आडमुठं.

८ ऑक्टोबर, बुधवार
हिच्या धाकट्या भावाचा फोन. येऊन बघू का म्हणाला. नको म्हटलं. मेव्हणा लिफ्ट दुरुस्त करतो. वर-खाली एवढंच त्याचं क्षेत्र.
स्पीकर स्टुलावर ठेवला. मग टेबलावर. मग स्टूल टेबलावर ठेवून त्यावर. ग्रंथपालबाईंनी उतरवायला लावला.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४
रंगीत तालीम. ही गायली. माझ्या हेडफोनमध्ये चांगलं येत होतं, पण मंडळातल्या बायका मागे जाऊन बसल्या होत्या, त्यांनी तिसऱ्या रांगेनंतर काही ऐकू येत नाही असं सांगितलं.
मी शांतपणे विचार केला. वायर तपासली, माइक तपासला, वीज तपासली. मग उरलं काय? घरी येताना हिला हळुवारपणे सांगितलं की ऑपरेशननंतर आवाज थोडा बसणारच, मनाला लावून घेऊ नये, पण जोर लावावा लागेल. ही घरी आल्यावर आतल्या खोलीचं दार लावून बराच वेळ गात होती. फार मोठ्याने.
खरं सांगायला धैर्य लागतं. ते माझ्यात आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
हिचा घसा धरला. सकाळपासून गरम पाणी. खुणेने बोलते. दुपारी मीच मंडळाच्या प्रमुख बाईंना फोन केला, शेवटचं गाणं दुसऱ्या कोणाला द्याल का. त्या नाही म्हणाल्या.
मला घरात एका जागी बसवत नाही. गॅलरी, स्वयंपाकघर, पुन्हा गॅलरी. बहुधा हवा बदलतेय.

११ ऑक्टोबर, शनिवार
तोडगा सापडला. आवाज लोकांपर्यंत पोचत नसेल तर लोकांना आवाजापर्यंत आणायचं. मागच्या पाच रांगा उचलून पुढे घ्यायच्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, मग लोकांचे पाय कुठे ठेवायचे. बारीकसारीक अडचणी काढणाऱ्या बाई आहेत.
मेव्हणा उद्या येणार. फक्त श्रोता म्हणून, हे मी फोनवर दोनदा स्पष्ट केलं.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८
हिचा घसा थोडा सुटलाय. सगळं सज्ज. आज काहीही बिघडणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
काल आठ बायका गायल्या. स्पीकर कुजबुजला. लोक आधी खुर्च्या पुढे सरकवत होते, मग एकमेकांशी बोलायला लागले. मग ही उठली. माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवला. हिने माइकचा स्टँड स्वतःच्या हाताने बाजूला केला.
ते मी पाहिलं नाही. मी तोवर हेडफोन लावून टेबलाखाली वाकलो होतो, पिन दाबत. कानात काही येईना. वाटलं, अजून सुरू केलं नाही. बटणं फिरवली. दुसरी पिन दाबली. डोकं वर काढलं तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हेडफोन काढले तेव्हा टाळ्याही ओसरत होत्या.
खुर्च्या आवरताना मेव्हणा मिक्सरपाशी बसला. म्हणाला, "भावोजी, एकाच पाइपात समोरासमोर दोन पंप लावले तर पाणी कुठे जाणार?" हेडफोनच्या भोकातून डाव्या आणि उजव्या कानासाठी तोच आवाज दोन वाटांनी निघतो. माझ्या कानांना तो चालतो. हा स्पीकर मात्र एकातून दुसरा वजा करतो, म्हणून गाणं खोडलं जातं. त्याने दुसरी वायर घेऊन मागच्या भोकात लावली आणि माइकमध्ये हॅलो म्हटलं. दारात उभ्या ग्रंथपालबाई दचकल्या.
आज चहाच्या वेळी हिला सांगितलं की दोष तुझ्या आवाजात नव्हता. ही म्हणाली, "ते मला काल गातानाच कळलं. शेवटच्या रांगेतल्या आजी मान डोलावत होत्या." मग विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं?"
मी छान म्हटलं.
"कुठली जागा आवडली?"
सगळ्याच, म्हटलं. हिने माझ्याकडे बघितलं, कप उचलला आणि आत गेली.
मेव्हण्याला फोन केला. हिचं गाणं कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय का विचारलं. म्हणाला, मी केलंय, पण आवाज फारच कमी आलाय.
पाठव म्हटलं.