गाळलेली ओळ

३ मार्च, मंगळवार

लिहायला बसले, कारण आज हे बोलले आणि ही बातमी मला कुणालाही सांगावीशी वाटत नाही.

झटका येऊन सात आठवडे झाले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. सात आठवड्यांत तोंडातून 'टा' याखेरीज काही नाही. चहा हवा – टा. चादर ओढ – टा. मुलीचा फोन आला – टा, आणि डोळ्यांत पाणी. आज प्रार्थना मंडळाच्या चार बायका आल्या. पलंगाभोवती उभ्या राहून त्यांनी प्रार्थना सुरू केली. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटत होते. तेवढ्यात एक पुरुषी आवाज! "तू जवळ आहेस म्हणून वाट दिसते." स्वच्छ. एक अक्षर बोबडं नाही.

बायका रडल्या. मी रडले नाही. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

एकतीस वर्षं त्या मंडळाच्या दारात मी पाऊल टाकलेलं नाही. आणि ह्यांचं पहिलं वाक्य तिथलं!

५ मार्च, गुरुवार

वाचा शिकवणारी मुलगी आली होती. हुशार आहे. मला 'काकू' म्हणते, ते चालवून घेते. म्हणाली, यात चमत्कार काही नाही. स्वतःचं वाक्य जुळवायची जागा मेंदूत वेगळी, पाठ झालेलं राहतं ती जागा वेगळी. आकडे, पाढे, गाणी, प्रार्थना – बऱ्याच जणांचं हे शाबूत राहतं. "शिव्याही राहतात, काकू."

"मग शिव्या का नाही आल्या? मीही सोबत दिल्या असत्या."

हसली. मग कामाचं बोलली. रोज दोनदा कुणीतरी ह्यांच्यासोबत प्रार्थना म्हणायची. सोबत आवाज असला तरच ह्यांचा चालतो. हळूहळू ओळीचा शेवटचा शब्द आपण सोडायचा, तो ह्यांनी भरायचा. पाठ शब्दांतूनच पुढे एखादा स्वतःचा शब्द सुटा होऊन येतो. "आला तर आत्ताच्या दोन-तीन महिन्यांत. नंतर कठीण. कोण म्हणेल सोबत?"

घरात मी एकटी. मुलगी परदेशात. कोण म्हणेल!

८ मार्च, रविवार

दोनदा बसले समोर. माझं तोंड उघडत नाही. ह्यांचं चालत नाही. असे दोन मुके.

१० मार्च, मंगळवार

बायका पुन्हा आल्या. त्यांतली एक, चष्मा साखळीने गळ्यात लटकवणारी, ह्यांना अंघोळ घालायला मदत करते. हात चांगले आहेत, तोंड बंद होत नाही. "वहिनी, तुम्ही नुसतं पाणी ओता, पुण्य आमच्याकडे राहू द्या." मी म्हटलं, टॉवेल माझ्याकडे राहू द्या.

प्रार्थनेत आज एक पाहिलं. तीन ओळी हे बरोबर म्हणतात. मग अडखळतात. बायका पुढे जातात, हे मागे राहतात, डावा हात गादीवर आपटतात. चेहरा लाल. "दमले हो दादा," म्हणे. दमलेला माणूस असा हात आपटत नाही.

त्यांच्या मंडळाचा प्रमुखही आला होता. आमच्या घरात त्याचं नाव गोडबोल्या. मी ठेवलेलं. मोबाइल छातीशी धरून उभा. वाटलं, वेळ पाहत असेल.

११ मार्च, बुधवार

वेळ पाहत नव्हता! चित्रीकरण करत होता. शेजारणीने दाखवलं. ह्यांचा वाकडा ओठ, गळणारी लाळ, बनियन. वर अक्षरं – 'डॉक्टर हरले, प्रार्थना जिंकली'. आयुष्यभर बाहेर जाताना बटण वरपर्यंत लावणारा माणूस.

फोन केला. गोडबोल्या म्हणतो, "वहिनी, यातून कितीजणांची श्रद्धा वाढेल."

"तुमची लाज वाढेल का, ते सांगा."

सगळ्यांना घर बंद. चष्मेवालीलाही.

मंडळाची हीच रीत. धाकटीचं तेच केलं. माझी बहीण, एकतीस वर्षांपूर्वी. नवरा मारायचा, ती निघून माझ्याकडे आली. मंडळाच्या चार वडीलधाऱ्यांनी तिला भरसभेत उभं केलं, "परत जाते, म्हण." ती म्हणाली नाही. मग ठरलं, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आणि मारणारा? पहिल्या रांगेत बसायचा. त्या दिवशी मी मंडळही सोडलं आणि देवही. ह्यांनी नाही सोडलं. म्हणाले, "राग त्या चौघांवर काढ. देवाने कुणाला मारलं?" मी म्हटलं, दुकानातला सगळा माल सडका निघाला तर मालकाला काय ओवाळायचं? त्यावर म्हणाले, "तू लॅबवाली ना? एवढ्यावर रिपोर्ट देशील?"

उत्तर दिलं नव्हतं. पोळी करपत होती, असं काहीतरी कारण काढलं होतं.

१३ मार्च, शुक्रवार

म्हटली. दात ओठ खाऊन म्हटली. औषध कडू असलं तरी चमचा धरावा लागतो.

वडिलांनी पाठ करून घेतलेली, म्हणून जिभेवर होती. तू जवळ आहेस म्हणून वाट दिसते. तूच भूक, तूच भाकर. दमलेल्याला टेकू दे, पडलेल्याला हात दे. तुझं नाव घेऊन आम्ही जे वाईट केलं, ते आमच्याच नावावर लिही. दार उघडं ठेव.

हे अडखळले नाहीत! चौथी ओळ ठणठणीत. पाचवी ठणठणीत. मग माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच बोलायला शिकले होते.

चष्मेवालीची पुस्तिका खिडकीत राहिली होती. उघडली. चौथी ओळ नाहीच. तिसरीनंतर थेट दार उघडं ठेव. नव्या आवृत्तीत गाळलेली. सगळ्या बायका नवी म्हणतात, हे जुनी म्हणतात, म्हणून हात आपटायचे. आणि जी ओळ मंडळाने स्वतः म्हणायला हवी, नेमकी तीच गाळली! चोराने आरसा काढून ठेवावा तसं.

म्हणजे आता ह्यांच्यासोबत पूर्ण प्रार्थना म्हणू शकेल असं माझ्या माहितीत एकच माणूस. मी. ज्याचा देवावर विश्वास नाही तो. हसावं की डोकं आपटावं!

१६ मार्च, सोमवार

पडलो. दोघंही.

पलंगावरून खुर्चीत घेत होते. बायका होत्या तेव्हा दोघी धरायच्या. आता मी एकटी, अडुसष्ट वर्षांची. कमरेत कट्‌ झालं आणि मी खाली, हे माझ्यावर. ह्यांना लागलं नाही. तासभर तसेच पडलो होतो. मी ओरडले, कुणी आलं नाही. हे म्हणत होते – टा, टा, टा. मग काय वाटलं कोण जाणे, प्रार्थना सुरू केली. एकट्याने जमेना. मला सोबत म्हणावी लागली. फरशीवर, नाकात धूळ. "पडलेल्याला हात दे" म्हणताना मला हसू फुटलं. ह्यांनाही. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा हसलो.

शेवटी शेजारणीच्या नवऱ्याने दार ढकललं.

१७ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, मणका सरकलाय. उचलणं बंद. "आता एक रुग्ण आहे, दोन करू नका."

१८ मार्च, बुधवार

मुलीचा फोन. दिवसभर राहणारी बाई शोध. शोधली. तीन आल्या. एक ह्यांना पाहून निघाली, दुसरी माझं बोलणं ऐकून, तिसरी दुपारी झोपली ती उठेना. सरकारी रुग्णालयात खाट आहे, पण तिथे वाचा शिकवणारं कुणी नाही, आणि बसने दीड तास. मी या कमरेने जाणार कशी? उरलं मंडळाचं सेवागृह. तीन गल्ल्या पलीकडे. स्वच्छ आहे, हे मला ऐकून माहीत आहे. वाचा शिकवणारी तिथेही जाते.

"आई, तुझा हट्ट बाबांच्या अंगावर काढू नकोस," मुलगी म्हणाली.

घर दोन खोल्यांचं. आजवर लहान वाटलं नव्हतं. आज खिडकी, पलंग, दार, पुन्हा खिडकी. ह्यांना खाटेने बांधलंय, मला कंबरपट्ट्याने. आणि बाहेर पडायचा रस्ता एकच, तोही त्यांच्याच अंगणातून!

२० मार्च, शुक्रवार

धाकटीला फोन केला. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. म्हटलं, ज्यांनी तुला भरसभेत उभं केलं त्यांच्या हाती भाऊजींना द्यायचं म्हणतायत.

"मग दे की."

"तुला काहीच वाटत नाही?"

"त्या चार म्हाताऱ्यांबद्दल? वाटतं ना. तिघं मेले, मी पेढा खाल्ला नाही इतकंच." मग म्हणाली, "ताई, मी रोज सकाळी म्हणते ती. चौथ्या ओळीसकट. चौथ्या ओळीला त्यांची नावंही घेते."

एकतीस वर्षं!

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? माझ्या वतीने तू देवाशी अबोला धरून बसलीस. मी वकीलपत्र दिलं नव्हतं हो. तुझा विश्वास उडाला असेल तर उडू दे, ते तुझं. पण त्याला माझं कारण लावू नकोस."

फोन मीच ठेवला. पोळी करपत नव्हती.

२१ मार्च, शनिवार

चौतीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं. नमुना फुटका आला, गोठला, बाटलीवर दुसऱ्याचं नाव आलं – तर 'रोग आहे' लिहायचं नाही. 'रोग नाही' असंही लिहायचं नाही. 'नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा' एवढंच. नव्या मुलींना मी यावरून रडवलंय.

गोडबोल्या हा नमुनाच आहे, दोन्ही अर्थांनी. ते चार म्हातारे नमुनेच. त्यांच्यावरून मी देवाचा रिपोर्ट सही करून दिला! माझ्या हाताखालच्या मुलीने असं केलं असतं तर?

राग खोटा नव्हता. आजही नाही. धाकटीच्या पाठीचे वळ मी मोजलेत. ज्यांनी ते पाहून पहिली रांग राखून ठेवली त्यांना माफी नाही, आणि त्यांनी मागितलेलीही नाही. पण पत्र बरोबर आणि पत्ता चुकला, असं काहीतरी.

आता मानायला लागले का? नाही. आत पाहते तर तिथे काही नाही. फक्त 'नाही' म्हणायला जो पुरावा पुढे करत होते, तो गेला. त्याच्या टेकूने उभी होते. कंबर गेली त्याच आठवड्यात हाही जावा!

२३ मार्च, सोमवार

ह्यांनाच विचारायचं ठरवलं. आजवर सगळे ह्यांच्या डोक्यावरून बोलत होतो, मीही. दोन कार्डं केली. एकावर आपलं घर काढलं, एकावर सेवागृहाची इमारत. चित्रकला यथातथाच. पण ह्यांना कळलं.

डाव्या हाताने इमारत दाखवली.

कार्डांच्या जागा बदलल्या. पुन्हा इमारत. चष्मा पुसून ह्यांना लावला, तिसऱ्यांदा विचारलं. इमारत. मग तोच हात माझ्या कंबरपट्ट्यावर ठेवला आणि काढला नाही.

तीन चाचण्या, तीनही सारख्या. रिपोर्ट द्यावा लागतो.

२५ मार्च, बुधवार

एकतीस वर्षांनी मंडळाच्या दारातून आत गेले. पायरी तीच, रंग नवा. गोडबोल्या उठून उभा राहिला. चित्रीकरण काढून टाकल्याचं आधी त्याच्या मोबाइलमध्ये स्वतः पाहिलं. मग अट घातली. ह्यांच्यासोबत प्रार्थना जुनी म्हणायची. चौथी ओळ धरून.

"वहिनी, ती ओळ जरा नकारात्मक वाटायची. समितीने गाळली."

"कुणाला वाटायची?"

"समितीपुढे ठेवावं लागेल."

"ह्यांच्याकडे दोन महिने आहेत. समितीकडे किती आहेत?"

तो हातातली किल्ली फिरवत बसला. कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालणारी चष्मेवाली तिथूनच म्हणाली, "मी म्हणेन. माझ्या आईने शिकवलीय. इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणते, आता तोंडाने म्हणेन. समितीला काय करायचं ते करू दे. फार तर माझ्याशी बोलणार नाहीत. दोन दिवस कान शांत राहतील त्यांचे!"

तिला घर बंद केलं होतं, त्याची मी माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, घड्या चांगल्या घालता.

चांगला नमुना एक मिळाला. त्यावरून उलटा रिपोर्टही देणार नाही. पण नोंद करते.

२८ मार्च, शनिवार

सकाळी दहा वाजता सेवागृहात सुपूर्द केलं ते असं – सदरे चार, बटणं वरपर्यंत लावायची हे सांगून. गोळ्या पंधरा दिवसांच्या. कवळी. चष्मा. दाढीचं सामान. वाचा शिकवणारीची वही. आणि हे.

चष्मेवालीने पोच दिली. मी दारापर्यंत गेले. मागून आवाज आला, "येतो."

जाणाऱ्याने म्हणायचा शब्द. इथे जाणारी मी होते, म्हणजे चुकलाच. सोबत कुणी म्हणत नव्हतं. आणि प्रार्थनेत हा शब्द नाही. पाचही ओळी मी तिथेच उभी राहून तपासल्या.